सुखदेवभाऊचा अकरा एकांचा आकडा

अध्यक्ष, यार्डातले माझे साथी, सेक्टरातल्या आयाबहिणी, अन् समोर सतरंजीवर बसलेल्या वैनी, अन् भाऊची पोरगी, आमची सुमन.

वंदना झाली. आपल्यातून गेलेल्या सुखदेवभाऊवर चार जण बोलले, चांगलं बोलले. माझं नाव पुकारलं तं मी उठलो. मी रोज यार्डात मैलन् मैल चालणारा माणूस. माझ्या जागेपासून इथवर दहा पावलं असतील. ते दहा पावलं मले जड गेले. तुमी म्हणसान, दुःखानं. दुःख तं आहेच, बापा. पण दुःखासंगं अजून एक गोष्ट आहे, अन् ते सांगितल्याशिवाय मले इथून हलता येत नाही. थोडा टाइम घेतो. सांभाळून घ्या.

ज्यायले मी मालूम नाही त्यायच्यासाठी सांगतो. मी दौलत गजभिये. सुखदेव मेश्राम अन् मी, आमी दोघं पोलादाच्या प्लांटच्या रेल्वे यार्डात नंबर टेकर. मालगाडी आली का तिच्या एकूणएक वॅगनीचा नंबर वहीत उतरवणं, हे आमचं काम. पहिल्या भट्टीचा पाया खोदून राहिले होते तवापासून आमी संगं. या गावात तवा रस्ते नव्हते, नुसता मुरूम होता. अन् गाड्या येतच राहिल्या होत्या. लोखंड, सिमेंट, विटा, चुनखडी, अन् रूसमधून आलेल्या मशिनीच्या पेट्या.

गाडीच्या एका अंगानं भाऊ चाले, दुसऱ्या अंगानं मी. शेवटच्या वॅगनीपाशी भेटलो का एक जण आपल्या वहीतून मोठ्यानं वाचे, दुसरा आपल्या वहीवर बोट ठेवे. सुटा सुटा वाचाचा आकडा. सत्तावीस हजार अमुक, असं म्हणाचं नाही. दोन, सात, चार, शून्य, आठ. असं. कावून? कावून की आमच्या धंद्यातली चूक एकच असते. शेजारचे दोन आकडे जागा बदलतात. चार-सहाचं सहा-चार होते. डोयाले ते दिसत नाही, कानाले ऐकू येते. तेवढ्या चुकीनं कोळशाची वॅगन चुनखडीच्या लाइनीवर जाते, अन् मंग दिवसभर आमाले शिव्या.

एक दिवस चुनखडीच्या रेकमधे, म्हणजे आख्ख्या मालगाडीत, एक वॅगन आली. नंबर एक-एक-एक-एक-एक. पाच एक. मी लिहिला अन् पुढं गेलो. भाऊ तिथंच उभा. मी पलीकडून आवाज दिला, काय झालं भाऊ? तं म्हणे, "दौलत, हे कशानं तुटन रे?"

तुटन म्हणजे काय, तं भाग जाईन. बाकी काहीच न उरता भाग जाईन. भाऊच्या भाषेत आकडा तुटते नाही तं तुटत नाही. दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत भाकर हातात घेऊन मले म्हणे, "तुटला. एकेचाळीस गुणिले दोनशे एकाहत्तर." मी म्हणलं, बरं झालं, आता जेवा.

पण तो काही तिथं थांबणारा माणूस होता का? वैनी, तुमाले मालूम आहे. तुमीच म्हणत होत्या, "यायच्या ताटात वाढलं तं यायले भाजी दिसत नाही, ताटावरचा नंबर दिसते." पाच एक झाले, मंग सहा एक, सात एक. सहा, आठ, नऊ अन् दहा एक, हे तं उभ्या उभ्या तुटतात, शाळेतल्या पोराले बी तोडता येतात. सात एकले त्याले सव्वा महिना लागला. दोनशे एकोणचाळीस गुणिले चार हजार सहाशे एकोणपन्नास. मंग राहिले अकरा एक.

तुमी पाहून राहिले तो फळ्यावर लिहिलेला आकडा. अकरा वेळा एक. तो कसा वाचाचा हे भाऊ सगळ्यायले शिकवे. सुटा सुटा नाही. हा एकच आकडा तो पूर्ण वाचे, अन् डोये मिटून वाचे. अकरा अब्ज, अकरा कोटी, अकरा लाख, अकरा हजार, एकशे अकरा. म्हणून पाहा घरी गेल्यावर. तोंड गोड होते.

हे तुटते का नाही, हे पाहाचं होतं. कोणाले पाहाचं होतं? भाऊले. कोणासाठी? कोणासाठीच नाही. एक रूसी साहेब होता, त्याच्या टेबलावर तारेत ओवलेले मणी राहत, त्यावर तो हिशेब करे. त्यानं एकदा भाऊची वही पाहिली अन् दुभाष्याले विचारलं का हे कोणत्या कामाचं आहे? भाऊ म्हणे, "साहेबाले सांगा, काहीच कामाचं नाही. म्हणून तं डब्याच्या सुट्टीत करतो." साहेब खूप हसला. मंग दोन रूसी वह्या देऊन गेला, चौकटीच्या कागदाच्या. त्याच ह्या वह्या.

आता मी थोडं गणित सांगतो. भिऊ नका, मले बी सातवीपर्यंतचंच येते. अकरा एकले सगळ्याच आकड्यायनं भागत बसलं तं जन्म पुरत नाही. भाऊनं एक गोष्ट पकडली. पाच एकचे तुकडे एकेचाळीस अन् दोनशे एकाहत्तर. दोन्ही कसे, तं दहाच्या पाढ्याच्या एक पुढं. सात एकचे तुकडे चौदाच्या पाढ्याच्या एक पुढं. चौदा सत्रे दोनशे अडतीस, अन् एक. पाचाची दुप्पट दहा, साताची दुप्पट चौदा. मंग अकरा एकचा तुकडा असला तं बावीसच्या पाढ्याच्या एक पुढं असन. असं कावून होते ते त्यानं मले शंभरदा समजावलं. मले समजलं नाही. पण बराबर होतं. बावीस-बावीसच्या उड्या मारत जायचं, मधले जे आधीच लहान आकड्यानं तुटतात ते गाळाचे, अन् एक लाख पाच हजार चारशे नऊपर्यंत जायचं. त्याच्या पुढं गरज नाही, कावून की दोन तुकडे झाले तं त्यातला एक तरी याच्या आत सापडलाच पायजे. हजाराच्या आसपास भागाकार होते. रोज एक. डब्याच्या सुट्टीत. भाऊनं ह्या आकड्यायची यादी करून ठेवली होती; मी यादीतला आकडा वाचे, भाऊ पानाच्या माथ्यावर लिहे, अन् खाली भागाकार करे. शेवटी नवाचा ताळा. ताळा जुळला का पान पलटलं.

नवाचा ताळा आपल्यातल्या म्हाताऱ्यायले मालूम आहे. आकड्यातले आकडे बेरीज करत जायचे, एकच उरेपर्यंत. तसाच भाजकाचा, भागाकाराचा, बाकीचा. जुळलं तं गणित बराबर. पण ताळ्यात एक खोट आहे. दोन आकडे जागा बदलले तं बेरीज तेवढीच राहते. ताळा ते पकडत नाही. म्हणून भाऊ म्हणे, "ताळ्याच्या आधी कान. एकानं वाचाचं, एकानं लिहाचं." हा नियम त्यानं कधी मोडला नाही.

मी मोडला.

भाऊची माय गावी अंथरुणाले खिळली तवा तो दीड महिना सुट्टीवर गेला. जाताना वह्या माझ्याजवळ दिल्या. म्हणे, "दौलत, एक बी दिवस खाली जाऊ देऊ नको." मी खाली जाऊ दिला नाही. चाळीस भागाकार केले. वाचाले कोणी नव्हतं. मीच यादीत पाहे अन् मीच लिहे. यार्डातल्या कोणालेही म्हणलं असतं का दोन मिनिटं वाच, तं कोणीही वाचलं असतं. मले लाज वाटली. लोक म्हणतील, एक येडा गावी गेला, दुसरा सुरू झाला. म्हणून एकट्यानं केलं.

भाऊ परत आला. माय गेली होती, डोकं भादरलेलं होतं. पहिल्याच दिवशी त्यानं माझे चाळीस पानं पाहिले, चाळीसचे चाळीस ताळे जुळवले, अन् माझ्या पाठीवर हात ठेवला. मंग पुढं चालू. अडीच वर्षं. ऊन, पाऊस, दुसरी भट्टी, तिसरी भट्टी. अन् गेल्या वर्षी एका दुपारी एक लाख पाच हजारच्या वरचा शेवटचा आकडा झाला. बाकी उरली. भाऊनं वही बंद केली अन् म्हणे, "नाही तुटत."

तुमाले आठवते तो दिवस. वैनीनं सगळ्या शिफ्टले बुंदी वाटली. क्रेनवाल्यायनं खडूनं क्रेनवर अकरा एक लिहिले. इथं आत्ता चौघायनं जे सांगितलं, का आपल्या सुखदेवनं न तुटणारा आकडा शोधला, ते त्या दिवसापासूनचं आहे. वाचनालयात लावाले पाटी रंगवाले दिली आहे, अध्यक्षायनं आत्ताच सांगितलं. पाटीवर आकडा राहीन अन् खाली लिहिलं राहीन, अविभाज्य.

ती पाटी थांबवा. हात जोडून सांगतो. तो आकडा तुटते.

बसा, बसा. वैनी, तुमी बसा. मले पूर्ण सांगू द्या.

भाऊच्या पोटाचं दुखणं वाढलं अन् त्याले दवाखान्यात ठेवलं, तवा त्यानं मले काम दिलं. वह्यायची साफ नक्कल कराची अन् नागपूरच्या कॉलेजातल्या गणिताच्या प्रोफेसरले पाठवाची. त्या प्रोफेसरचं उत्तर आलं होतं, पाठवा, पाहतो म्हणून. ते कार्ड भाऊ उशीखाली ठेवे. मी रोज ड्यूटीवरून येऊन नक्कल करत होतो. अन् आता अक्कल आली म्हणून मोठ्यानं वाचून करत होतो. यादीतला आकडा वाचाचा, मंग पानाच्या माथ्यावरचा वाचाचा. माझ्या चाळीस पानायपैकी एकविसावं पान आलं. यादीत भाऊचं अक्षर. दोन, एक, सहा, चार, नऊ. पानाच्या माथ्यावर माझं अक्षर. दोन, एक, चार, सहा, नऊ.

एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासनं भागाचं होतं. मी एकवीस हजार चारशे एकोणसत्तरनं भागलं. भागाकार बराबर केला, बरं का. बाकी एक हजार नऊशे तेरा, ते बी बराबर. ताळा बी बराबर. फक्त आकडा दुसराच. जी चूक होऊ नये म्हणून आमी वर्षानुवर्षं एकमेकायले आकडे वाचून दाखवले, तीच चूक, यार्डातली, माझ्या हातची.

मी लगेच नवीन कागद घेतला. खऱ्या आकड्यानं भागलं. पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस वेळा गेला. बाकी शून्य. मी तीनदा केलं. तिन्हीदा शून्य. म्हणजे त्या पानावरच काम झालं असतं. भाऊ गावाहून आला असता अन् मी सांगितलं असतं, भाऊ, तुटला. त्याच्या पुढचे अडीच वर्षं, रोजची ती डब्याची सुट्टी, ते सातशे-साडेसातशे भागाकार, कशाचीच गरज नव्हती. अन् त्या माणसाजवळ किती वर्षं उरले होते ते आता आपण पाहूनच राहिलो.

मी त्याले सांगाले दवाखान्यात गेलो. एकदा नाही, तीनदा.

पहिल्यांदा पाहुणे बसले होते. मी परत आलो. मनातून मले बरंच वाटलं, पाहुणे होते म्हणून. दुसऱ्यांदा भाऊनंच विचारलं, "नक्कल कुठवर आली?" मी म्हणलं, चालू आहे. तिसऱ्यांदा गेलो तो रविवार होता. दुपार होती. वैनी डबा धुवाले गेल्या होत्या. आमी दोघंच होतो.

भाऊ म्हणे, "बस." मी बसलो. मंग त्यानं मले एक गोष्ट सांगितली. एवढ्या वर्षांत कधी सांगितली नव्हती. म्हणे, "दौलत, गावच्या शाळेत आमाले उंबऱ्याच्या भाईर बसवत. मास्तर सगळ्या पोरायच्या पाट्या हातात घेऊन तपासे. माझ्या पाटीले हात लावत नसे. मी दुरून पाटी वर धरो. तो तिकडूनच म्हणे, ठीक आहे. गणित बराबर असलं तरी ठीक आहे. चुकलं असलं तरी ठीक आहे. मी एकदा मुद्दाम चुकवून पाहिलं. तरी म्हणे ठीक आहे. म्हणून मी ताळा शिकलो. आपली पाटी आपल्यालेच तपासा लागते. आता हा प्रोफेसर माझी वही हातात घेईन. पान पान पाहन. चूक असन तं काढन. मले त्याचीच खुशी आहे रे. आकडा तुटो का न तुटो." अन् मंग म्हणे, "तुझे चाळीस पानं मी पुन्हा केले नाही. नुसते ताळे पाहिले. तुझ्यावर कायची शंका?"

साथीहो, यापेक्षा चांगला टाइम मले कोणता भेटणार होता? तो स्वतःच सांगून राहिला होता का चूक काढली तं खुशी आहे. खिशात माझा कागद होता. त्यावर शून्य बाकी होती. अन् मी काय बोललो?

मी म्हणलं, "ठीक आहे, भाऊ."

त्या मास्तरचेच शब्द. माझ्या तोंडून.

मंगळवारी भाऊ गेला.

मले कोणालेही सांगता आलं असतं का मी दया केली. मरणाऱ्या माणसाले कशाले दुखवाचं, तुमी बी म्हणसान, बरं केलं. पण मी आठ दिवस विचार करून राहिलो, अन् ते दया नव्हती. भेव होतं. मले भाऊच्या दुःखाचं भेव नव्हतं. मले माझ्या तोंडाचं भेव होतं, ते त्यानं कसं पाहिलं असतं याचं. त्या मास्तरले बी काही भाऊचं दुःख नव्हतं, आपला हात बाटन याचं भेव होतं. मी भाऊच्या ताटात जेवलो, भाऊनं माझ्या. अन् शेवटी जवा त्याची पाटी हातात घ्याचा वखत आला, तवा मी बी दुरूनच ठीक आहे म्हणलं.

वैनी, मले माफ करा, असं मी म्हणत नाही. ते तुमच्यावर आहे. तुमी बुंदी वाटली होती, ती माझ्या चुकीची बुंदी होती. तेवढं तुमच्या तोंडावर सांगतो.

सुमन, तू नववीत आहे, तुले समजन. तुझ्या बापाचं काम खोटं नाही. एक गोष्ट ऐक. तो आकडा तुटला तं त्याचे दोन तुकडे झाले. एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास, अन् पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस. पहिला तं तुटत नाही, तुझ्या बापानं यादीतच तपासून घेतला होता. आता दुसरा तुटते का? तो तुटला तं त्याचा लहान तुकडा सातशे सतराच्या आत पायजे. अन् जो आकडा त्याले तोडन तो अकरा एकले बी तोडन, होय का नाही? मंग सातशे सतराच्या आतले सगळे तुझ्या बापानं पहिल्याच महिन्यात अकरा एकवर करून पाहिले होते. एक बी गेला नव्हता. म्हणजे हे दोन तुकडे आता कशानं तुटत नाहीत. अन् हे सिद्ध झालं ते माझ्या कागदानं नाही, त्याच्या पानायनं. मी तुटल्याचं एक पान लिहिलं. न तुटण्याचे पानं त्याचेच आहेत. पाटी लिहाचीच असन तं हे दोन आकडे लिहा.

नक्कल पूर्ण झाली आहे. एकविसावं पान मी फाडलं नाही, लपवलं बी नाही. तसंच उतरवलं, चुकीसकट, अन् खाली लिहिलं, चूक दौलत गजभियेची. त्याच्यामागं खरा भागाकार जोडला. पार्सल सुमनच्या हातानं टाकाचं, असं मी वैनीले विचारणार आहे. प्रोफेसरनं पान पान पाहावं. भाऊले तेच पायजे होतं.

आता उभे राहू या. दोन मिनिटं शांत. टोप्या काढा, डोये मिटा, तुमाले भाऊशी जे बोलाचं ते मनात बोला. मले बी बोलाचं आहे. त्या रविवारी दुपारी खाटेपाशी बसून जे बोलाचं होतं, ते आता बोलतो. यापेक्षा उशीर करता येत नाही.

भाऊ, ठीक नाही आहे. एक चूक आहे. वही द्या इकडे.